ॲप्ट आणि पिप यांच्यामधला बांध

जून २०२३ मध्ये डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची १२वी आवृत्ती आली. नव्या मशीनवर मी सवयीने पिपची, म्हणजे पायथनच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाची, इन्स्टॉल कमांड दिली, तेव्हा 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा एरर दाखवून टर्मिनलने साफ नकार दिला. कारण शोधताना पायथनच्या फोल्डरात त्याच नावाची एक लहानशी फाइल सापडली. हे पायथन ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात आहे, तुम्हाला काही घालायचे असेल तर स्वतःचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रकल्पापुरता वेगळा कप्पा, तयार करा, एवढाच तिचा अर्थ. सिस्टिमची पॅकेजे बसवणारे डेबियनचे ॲप्ट आणि पिप यांच्यात, वाटणीनंतर दोन भावांनी शेतात बांध घालावा, तसा हा प्रकार होता.

वाटणीची वेळ आली, कारण एका यंत्रणेत एका लायब्ररीची सहसा एकच आवृत्ती नांदते, आणि डेबियनच्या स्टेबल या स्थिर शाखेत ती साधारण दोन वर्षे गोठवलेली असते. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कच्या दोन वेगळ्या आवृत्त्यांवर चालणारे दोन प्रकल्प सांभाळणाऱ्याला ही शिस्त जाचणारच. त्यामुळे पिप, जावास्क्रिप्टचे एनपीएम, रस्टचे कार्गो आणि प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती नोंदवणाऱ्या लॉकफाइल्स आल्या, आणि २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने तर प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी असे अख्खे बिऱ्हाडच डब्यात (कंटेनरमध्ये) भरून दिले.

या सोयीची किंमत मला उशिरा कळली. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतील हार्टब्लीड हा सुरक्षा-दोष उघड झाला, तेव्हा बहुतेक प्रोग्रॅम एकच सामायिक लायब्ररी वापरत असल्यामुळे ॲप्टने ती बदलून सेवा रीस्टार्ट केल्या की त्या सर्व्हरवरचे भगदाड बुजत होते. सर्टिफिकेटे बदलण्याचे काम मात्र उरत होते. डिसेंबर २०२१ मधल्या लॉगफोरशेल या दोषाच्या वेळी तसे झाले नाही. तो दोष असलेले लॉगफोरजे, म्हणजे जावा प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणारी लायब्ररी, प्रत्येक ॲप्लिकेशनने आपापल्या पोटात बाळगलेले होते, आणि जारच्या (जावा कोडच्या गठ्ठा-फाइलच्या) आत दडलेली जार उघडून पाहण्यात आमच्या टीमचे दोन दिवस गेले.

अर्थात डिस्ट्रोचा, म्हणजे डेबियनसारख्या लिनक्स वितरणाचा, मार्गही निर्धोक नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या साधनात सापडलेला चोरदरवाजा डेब किंवा आरपीएम (लिनक्सच्या पॅकेजांचे दोन प्रकार) पॅकेज तयार होतानाच जागा होईल, अशा बेताने रचलेला होता. परंतु बाधित ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांपर्यंतच पोहोचल्या. स्टेबल मात्र ५.४.१ वरच होते. ज्या दिरंगाईला आम्ही इतकी नावे ठेवली, तिनेच तिथे वाचवले.

आता माझ्या डॉकरफाइलमध्ये, म्हणजे डॉकरचा डबा कसा भरायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, ॲप्टच्या वाट्याला एकच ओळ उरली आहे: सीए-सर्टिफिकेट्स (विश्वासार्ह सर्टिफिकेटांची यादी) आणि लिबपीक्यू५ (पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी). बाकी सगळे लॉकफाइलमध्ये असते. मात्र त्यातून एकदा तयार झालेल्या इमेजमध्ये, म्हणजे भरलेल्या डब्यात, ॲप्टची नवी दुरुस्ती आपोआप शिरत नाही, म्हणून दर सोमवारी पहाटे कॅशे न वापरता ती इमेज नव्याने बांधण्याचे काम मी क्रॉनला (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) लावून ठेवले आहे.