दोरा उद्या

आठवीच्या वर्षी शाळेने मला पंधरा दिवस कागद शिवायला लावला. अक्षरशः कागद. इंग्रजीची चार रेघी वही असते ना, तिची कोरी पानं. दोरा नाही, कापड नाही, खालच्या दोऱ्याची बॉबिन नाही. मशीनवर बसायचं, पान दाबपट्टीखाली सरकवायचं आणि रेघेवरून सुईची भोकं पाडत शेवटपर्यंत जायचं. मग ते पान शिवणाच्या बाईंना द्यायचं. बाई ते खिडकीशी उजेडात धरायच्या. भोकांची ओळ रेघ सोडून कुठे भटकली ते लगेच दिसायचं. "परत," एवढंच म्हणायच्या. दोरा कधी मिळणार असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "दोरा उद्या."

साल १९८०. कार्यानुभवाच्या तासाला मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवणकाम अशी आपल्या शाळेत सरळ वाटणी होती. त्या जूनमध्ये सुतारकामाचे सर दुसऱ्या गावी गेले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही आणि आठवी 'ब'ची आम्ही अकरा मुलं मोकळी सुटलो. मोकळी मुलं म्हणजे बोरी नदीच्या पात्रात क्रिकेट. मुख्याध्यापक सरांनी दोन आठवडे पाहिलं आणि तिसऱ्या आठवड्यात आम्हाला शिवणाच्या खोलीत कोंबलं. अकरांपैकी सात जण दिवाळीपर्यंत गळाले. मी टिकलो तो काही शिवणाच्या आवडीने नाही. यंत्राच्या पोटात काय चालतं ते बघायचा मला नाद होता. सायकलचं फ्रीव्हील उघडून, आतल्या गोळ्या अंगणभर सांडून घरी मार खाऊन झालेला होता.

गल्लीत बोंब झालीच. शेजारच्या आप्पांनी ओट्यावरूनच विचारलं, "काय रे भाऊ, आंडेरीसनं काम शिकी राह्यना का?" (आंडेरी म्हणजे मुली.) मी मान खाली घातली. माय चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "शिकू द्या. माले पोलकं शिवी देई." विषय संपला.

बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी आम्हा उरलेल्या चौघांना गांधीजींची गोष्ट सांगितली. बाई फैजपूरकडच्या. १९३६ च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. बाईंच्या आईने लहानपणी तिथलं खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन पाहिलं होतं, त्यामुळे फैजपूर आणि गांधीजी हे बाईंच्या बोलण्यात कुठूनही यायचे. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींना १९२४ साली कोणी तरी विचारलं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? तेव्हा त्यांनी अपवाद म्हणून नाव घेतलं ते सिंगरच्या शिवणयंत्राचं. बायकोला हाताने टाके घालताना पाहून सिंगरला वाईट वाटलं आणि त्याने हे यंत्र काढलं, त्यामागे प्रेम आहे, असं ते म्हणाले. बाई हे सांगून आमच्याकडे बघायच्या, म्हणजे लाजायचं कारण नाही. पुढे मी वाचलं, की टोकाला नेढं असलेली सुई आणि खालून अडकणारा दुसरा दोरा यांचं पेटंट १८४६ साली एलियस हाऊने घेतलं. सिंगरचं पेटंट १८५१ चं, आणि हाऊने कोर्टात जिंकल्यावर सिंगरला त्याला पैसे मोजावे लागले. सिंगरसाहेबांच्या संसारांविषयीही वाचलं. (अनेकवचन मुद्दाम वापरलं आहे.) गांधीजींना ही प्रेमाची गोष्ट कोणी ऐकवली असेल, असा प्रश्न मला अजून पडतो. बाईंना मात्र मी हे कधी सांगितलं नाही.

त्याच वर्षी शाळेला दोन नवी मशीनं मिळाली. काळी उषा, अंगावर सोनेरी नक्षी. डोकं वेगळ्या लाकडी खोक्यात, बिडाचं स्टँड वेगळं, वरची फळी वेगळी. दुकानाचा माणूस येऊन जोडून देणार होता, तो तीन आठवडे आला नाही. शेवटी बाई म्हणाल्या, आपणच जोडू. सुतारकामातून आलेली पोरं तेव्हा कामाला आली. स्टँडचे दोन पाय आणि मधली आडवी पट्टी आधी हातानेच सैल बांधायची, पायडल बसवायचं आणि सगळं जागेवर आलं की मग पाना. आम्ही पहिल्यांदा एकेक बोल्ट करकचून आवळत गेलो, तर शेवटच्या बोल्टाची भोकंच जुळेनात. पुन्हा सोडलं. फळीच्या मागच्या बाजूच्या दोन बिजागऱ्यांच्या खिळ्यांवर डोकं बसतं. त्यांचे स्क्रू पक्के केले नाहीत तर मशीन मागे कलंडवताना डोकं सरळ फरशीवर. बाईंनी ते दोन स्क्रू स्वतः आवळले, आमच्यावर विसंबल्या नाहीत. फरशी उंचसखल, म्हणून एका पायाखाली वहीचा पुठ्ठा दुमडून घातला. मशीन डुगडुगत असेल तर टीप सरळ येत नाही, आणि दोष शिवणाऱ्याच्या हाताला लागतो.

पट्ट्याची कथा आणखी वेगळी. चामड्याचा गोल पट्टा खालच्या मोठ्या चाकावरून, फळीच्या दोन भोकांतून वर, हातचाकाच्या खाचेत. टोकं तारेच्या आकड्याने जोडायची. घट्ट झाला तर पायडल जड जातं आणि पोटऱ्या भरून येतात. सैल झाला तर पायडल फिरतं, मशीन जागचं हलत नाही. बोटाने दाबला की किंचित दबेल इतपतच ताण हवा. पावसाळ्यात दमट हवेने पट्टा सैल पडायचा, मग अर्धा इंच कापून पुन्हा आकडा. वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा भरते, त्या दिवसांतल्या उन्हात तोच पट्टा सुकून कडक झालेला असायचा. आपल्याकडचा उन्हाळा चामड्यालाही सोसत नाही.

आता पाय. सायकल चालवणाऱ्याला पायडल सोपं जाईल असं मला वाटलं होतं. ते खोटं. उजवं पाऊल थोडं पुढे, डावं थोडं मागे, आणि टाच-चवडा, टाच-चवडा असा झोका. सुरुवात पायाने करायचीच नाही. हाताने चाक आपल्याकडे ओढायचं आणि पायाने ती गती फक्त टिकवायची. मी पायाने सुरू करायचो, चाक उलटं फिरायचं. चाक उलटं गेलं की दोरा तुटतो किंवा खाली गुंता होतो. बाईंनी म्हणून दोराच दिला नव्हता. आधी दाबपट्टी वर करून नुसते पाय, मग कागद. कोपरा आला की सुई कागदात खाली ठेवायची, दाबपट्टी उचलायची, कागद फिरवायचा, पट्टी खाली, पुढे चालू. सोळाव्या दिवशी माझं पान बाईंनी उजेडात धरलं आणि टेबलावर ठेवलं. "परत" म्हणाल्या नाहीत. हातात पांढरं रीळ दिलं.

दोऱ्याची वाट मला आजही डोळे मिटून सांगता येते. रिळाच्या खिळ्यावरून वरच्या आकड्यात, तिथून टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मधोमध, तारेच्या स्प्रिंगमध्ये, मग वर-खाली नाचणाऱ्या दांडीच्या भोकातून, खाली आकड्यांतून सुईत. दोरा ओवताना दाबपट्टी वर हवी, कारण ती खाली असली की चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये बसत नाही, नुसता वरून जातो. सुईला एका बाजूने लांब खाच असते. खाच ज्या बाजूला, त्या बाजूने दोरा घालायचा. बॉबिन भरताना हातचाकाच्या मधली मोठी चकती सैल करायची, म्हणजे चाक फिरतं पण सुई थांबते. भरलेली बॉबिन तिच्या डबीत, म्हणजे बॉबिन केसमध्ये घालून दोरा पातळ पत्र्याच्या स्प्रिंगखालून काढायचा, चार बोटं सोडायचा. मग वरच्या दोऱ्याचं टोक डाव्या हातात धरून चाक एकदा आपल्याकडे फिरवलं की खालचा दोरा वळसा घेऊन वर येतो. हे पहिल्यांदा झालं तेव्हा मला जादू वाटली. 'टेन्शन' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा इथेच ऐकला. तेव्हा त्याचा अर्थ फक्त दोऱ्याचा ताण एवढाच होता.

एक दिवस बाईंनी वर्गाला विचारलं, "हाताने शिवताना अख्खी सुई कापडातून पार जाते. इथे ती अर्धी जाते आणि परत येते. मग टाका पडतो कसा?" कोणाला येईना. बाईंनी मशीन मागे कलंडवलं आणि मला हळूहळू चाक फिरवायला सांगितलं. सुई खाली गेली, परत वर निघताना दोऱ्याचा बारीकसा फास सैल पडला, शटलच्या, म्हणजे बॉबिनभोवती फिरणाऱ्या भागाच्या टोकाने तो फास पकडला, रुंद केला आणि अख्ख्या बॉबिनवरून ओढून नेला. वरची दांडी उचलली गेली आणि दोरा घट्ट झाला. दोन दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांना अडकले. मी चाक तीस-चाळीस वेळा फिरवलं असेल. मागच्या मुली कंटाळून "आता आमची पाळी" म्हणायला लागल्या.

आता माझा पराक्रम. मशीन नंबर तीन कुरकुरत होतं. बाई रजेवर, कपाटाला कुलूप, तेलाची कुपी आत. आपलं अमळनेर तेलाचं गाव. १९४५ साली वनस्पती तुपाची जी कंपनी तिथे निघाली तीच आजची विप्रो. आमच्या घरी शेंगदाण्याचं तेल डब्याने यायचं. मी दुसऱ्या दिवशी औषधाच्या बाटलीतून थोडं आणलं आणि दिसेल त्या भोकात ओतलं. दोन दिवस मशीन लोण्यासारखं चाललं. मुली माझ्याकडे आदराने बघायला लागल्या. आठवड्याने चाक जड झालं, पंधरवड्याने हलेना. खाण्याचं तेल सुकतं, चिकट होतं, डिंकासारखं बसतं. त्यात आमच्याकडचा सरकीचा आणि कापसाचा तूस येऊन मिळाला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी रॉकेलची बाटली आणि कोंबडीचं पीस माझ्या हातात दिलं. रॉकेल तेव्हा रेशनवर. ते त्यांनी घरून आणलं होतं, हे मला शिपाईदादांनी नंतर सांगितलं. दोन शनिवार मी भोकात रॉकेल सोडत चाक पुढे-मागे करत बसलो. तपकिरी लगदा निघत राहिला. मग मशीनचं तेल, प्रत्येक भोकात एकच थेंब, आणि चिंधीवर टीप मारत राहायचं, चिंधीवर डाग पडायचे थांबेपर्यंत.

एवढं झाल्यावर मला वाटलं मी मिस्त्री झालो. टीप नीट पडेना की पेचकस घेऊन बॉबिन केसचा बारीक स्क्रू पिळायचो. एकदा तो स्क्रूच हरवला. फरशीच्या फटी कंगव्याने उकरल्या, सापडला नाही. त्या दिवशी बाईंनी मला फळ्यावर लिहायला लावलं. आधी सुई : वाकडी आहे का, बोथट आहे का, वरपर्यंत ठोकून बसली आहे का. मग वरचा दोरा : सगळा काढून पुन्हा ओवा. मग बॉबिन. मग कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमधला तूस. मग वरचं टेन्शन, अर्धा फेरा. केसचा स्क्रू सगळ्यांत शेवटी, तोही पाव फेऱ्याच्या आत. आणि टीप वाचायला शिका. खालच्या बाजूला दोऱ्यांचं जंगल झालं तर दोष बहुतेक वेळा वर असतो, चकत्यांत दोरा बसलेला नसतो. वरचा दोरा सरळ तारेसारखा पडला आणि खालचा गाठीगाठीने वर दिसला, तर वरचा ताण जास्त. टाके सुटायला लागले तर सुई बदला, बाकी कशाला हात लावू नका. नव्याण्णव टक्के वेळा मशीन बरोबर असतं, असं बाई म्हणायच्या. हा आकडा त्यांचा, पण मी तपासून पाहिलेला आहे.

वर्षअखेर मी एक उशीचा अभ्रा, मांजरपाटाची पिशवी आणि एक झबलं शिवलं. झबल्याचा गळा एवढा लहान झाला की मावसबहिणीच्या बाळाचं डोकंच जाईना. मायचं पोलकं राहिलंच. तेवढं शिवण मला कधी आलं नाही.

पुढे मी आयटीआय करून एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागलो आणि गेल्या वर्षी मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. गाडी चालू होत नाही म्हटलं की नवी पोरं सरळ डिझेलपंपाला पाना लावायची. मी त्यांना टाकीत डिझेल आहे का ते बघायला पाठवायचो. मग नळी, मग फिल्टर. पंप शेवटी. हे मी कुठे शिकलो ते आगारात कोणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितो आहे. २०२० च्या टाळेबंदीत बायकोचं मशीन घेऊन बसलो आणि गल्लीसाठी सुती मास्क शिवले. इलास्टिक कुठे मिळेना, म्हणून परकराच्या नाड्या लावल्या. आप्पांच्या नातवाने चार नेले.

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या बैठकीला आलो तेव्हा जुन्या प्रयोगशाळेमागच्या खोलीत चारही मशीनं पाहिली. नंबर तीन अजून ओळखू येतं, फळीच्या कडेला माझ्या कर्कटकाची खूण आहे. चारांपैकी दोन नुसत्या साफसफाईने आणि तेलाने चालतील. तिसऱ्याचं शटल झिजलंय. चौथ्याची बॉबिन केस जागेवर नाही, पण ती बाजारात मिळते. पट्टे चारही नवे लागतील, मापं घेऊन ठेवली आहेत. तेल आणि सुया मी आणतो. दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर येईन, खोलीची किल्ली शिपाईदादांपाशी ठेवावी. चार रेघी वह्या मात्र मुलांनी आपापल्या आणाव्यात.