अडीच वाजता, म्हणजे सातला

टिळकवाडीत घरी बसून मी एका जर्मन काकांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मनगट कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "न्यू क्लॉक!" मला त्यात काही चुकलंय हे कळायला जरा वेळच लागला. जर्मनमध्ये मनगटावरचं काय नि भिंतीवरचं काय, दोन्ही 'ऊअर'. आपल्याकडंही दोन्ही घड्याळच की! इंग्रजीलाच वॉच वेगळं आणि क्लॉक वेगळं लागतं.

मग मी त्यांना सांगितलं, तुमच्या 'ग्लोके'ची, म्हणजे घंटेची आठवण ठेवा. क्लॉक आणि ग्लोके एकाच कुळातले. जे टोले द्यायचं ते क्लॉक, ते काही मनगटावर बांधता येत नाही. हे सुचलं शेजारच्या आजींमुळं. त्या रोज कुंपणावरून विचारतात, "गंटे एष्टायितु?" कन्नडमध्ये गंटे म्हणजे घंटाही आणि वाजलेली वेळही. बेळगावात राहण्याचा असाही फायदा.

एका सोमवारी ते म्हणाले, "काल समुद्रात पोहलो." काका राहतात बोडनसेजवळ. नकाशात बघितलं तर जवळपास समुद्राचा पत्ता नाही! घोळ 'से' या शब्दाचा. पुल्लिंगी 'डेअर से' म्हणजे तळं, स्त्रीलिंगी 'डी से' म्हणजे समुद्र. बोडनसे पुल्लिंगी, ओस्टसे स्त्रीलिंगी, म्हणून एक लेक आणि एक सी. इंग्रजीत लिंगाचा आधार नाही, तेव्हा शब्दच पाठ करायचा. मी त्यांना आपल्या किल्ला तलावाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "लेक. नॉट सी." त्यांनी उलट विचारलं, मग याचा काठ बँक की शोअर? त्यांचं 'ऊफर' नदीलाही चालतं, तळ्यालाही. इंग्रजीत नदीची बँक, तळ्याचा मात्र शोअर, समुद्रासारखाच. आपण तळ्याला नदीच्या पंगतीला बसवतो: नदीकाठ, तळ्याकाठ, आणि किनारा समुद्राचा. मला आपलंच बरोबर वाटतं, पण पगार इंग्रजीचा.

इथवर मी हुशार. मग जुलैत त्यांचा मेसेज आला, "टुमारो हाफ थ्री." मी वाचलं साडेतीन. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, म्हणजे आपले संध्याकाळचे सात. निवांत खडेबाजारात गेले, कुंदा घेतला, सातला लॅपटॉप उघडला. काका तासभर ताटकळून गेलेले. जर्मनमध्ये 'हाल्प द्राय' म्हणजे तिसरा तास अर्धा झालेला, आपले अडीच! इंग्लंडात बोलताना हाफ थ्री म्हणजे साडेतीन. पावणेतीन म्हणताना आपणही पुढच्याच तासाकडं बघतो, तरी ते अडीच माझ्या डोक्यात आलं नाही.

आता ते सरळ १४:३० लिहितात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागं गेली. तेव्हापासून त्यांचे अडीच म्हणजे आपले सात. मी आपली जुलैतल्यासारखीच कुंदा आणून बसते.