आत्याचा मोतीबिंदू, जोडीला काचबिंदू: सोलापूर ते हैदराबाद

काचबिंदूवाल्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा असेल तर ‘सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी’ हा हिशेब आधी डोक्यातून काढा. आत्याचा काचबिंदू कोन बंद होणारा, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायची कोपऱ्यातली वाट बुजून आतला दाब वाढवणारा. लेझरने बुबुळाच्या पडद्याला छिद्र पाडून झालं होतं, थेंब चालू होते, तरी दाब उतरेना. म्हणून हैदराबादला, बंजारा हिल्सच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र रुग्णालयात नेलं.

मुंबईहून येणारी हुसेनसागर एक्स्प्रेस सोलापुरात पहाटे मिळते. हैदराबादला पोचेपर्यंत दिवस चढतो, तेव्हा तपासणी दुसऱ्या दिवशीचीच धरा. तीही दिवसभर चालते. डबा बरोबर असू द्या.

असे डोळे बहुधा लहान असतात. वयाबरोबर भिंग जाड होतं, बुबुळाला पुढे रेटतं आणि आतलं पाणी निघायची वाट बुजते. जाड भिंग काढून पातळ कृत्रिम भिंग बसवलं की कोन उघडतो, दाबही बरेचदा उतरतो. २०१६ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या ‘ईगल’ चाचणीत ४१९ रुग्ण होते. त्यात मोतीबिंदू नसतानाही भिंग काढलेल्यांचा दाब तीन वर्षांनी लेझरवाल्यांपेक्षा किंचित कमीच निघाला.

पण नजर किती येणार? पट्टी निघाल्यावर आत्याने समोरची पाटी घडाघडा वाचली. डावीकडून चहा घेऊन आलेला पोरगा मात्र तिला दिसलाच नाही. धूसरपणा मोतीबिंदूचा होता, तो गेला. काचबिंदूने डोळ्यामागची नस सुकून नजरेचा जो भाग गेला, तो कुठलंच ऑपरेशन परत देत नाही. हे आधीच स्पष्ट विचारून घ्या, नाहीतर घरचे उगाच डॉक्टरांना दोष देत बसतात. जुने फील्ड (नजरेचा आवाका किती उरला ते) आणि ओसीटीचे (नस किती सुकली ते) रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, उत्तर त्यांतच असतं.

परतीचं तिकीट घाईने काढू नका. ऑपरेशननंतर दाब अचानक चढू शकतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवायची नाही. काचबिंदूचे थेंब डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायचे नाहीत. सुजेसाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनीही काहींचा दाब वाढतो, म्हणून गावी आल्यावरही तो मोजत राहा. डोळा ठणकला, लाल झाला, उलटी झाली किंवा दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर थेट दवाखाना गाठा.

महागडं मल्टिफोकल (जवळचं-दूरचं दोन्ही दाखवणारं) भिंग कुणी सुचवलं तर थांबून विचारा. नसेला इजा असली की त्याने फिकट गोष्टी आणखी फिकट दिसू शकतात. लहान डोळ्यात भिंगाचा नंबर थोडा चुकतोही, तेव्हा चष्मा नंबर स्थिरावल्यावरच करा.

सख्ख्या भावंडांनाही हा धोका असतो. बाबांना कोन तपासून घ्यायला सांगितलंय. ते म्हणतात, “मला काय झालंय?”