चकाकी घासून काढायचे दिवस

शनिवार

गाडीचा प्राइमर, म्हणजे रंगाखालचा थर, घासून झाला एकदाचा. राखाडी प्राइमरवर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारायचा आणि लांब ठोकळ्याला 320 चा पेपर लावून तिरकं, दोन्ही दिशांनी घासत जायचं. उंचवट्यावरचा काळा आधी निघतो, खोलगट जागेतला तसाच राहतो. डाव्या दारावर तळहाताएवढा एक काळा डाग काही केल्या जाईना. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. हाताखाली पातळ सुती फडकं घेऊन तळवा सपाट फिरवला तेव्हा कळलं की पत्रा बसलाय. परत लांबी (खड्डा भरायची पुट्टी), परत वाळवणं, परत घासणं. रंगकाम म्हणतात याला, पण त्यात रंगाचा वाटा किती, असा प्रश्न पडतो.

अशीच राखाडी ठेवावी का, हा मोह आज जोरात झाला. त्याला परंपराही आहे. फोर्डने 1932 मध्ये 65 अश्वशक्तीचं व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन स्वस्त गाडीत बसवलं, आणि दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं मडगार्ड उतरवून, काच काढून, मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर वेग मोजायला जाऊ लागली. खिशातले पैसे इंजिनात जायचे, त्यामुळे कित्येक गाड्या प्राइमरवरच पळायच्या. पण त्यांची ती अडचण होती. आज मुद्दाम मॅट रंग विकत घेऊन अर्धवट असल्याचा आव आणायचा, हे मला पटत नाही. शिवाय असा जाड भराव प्राइमर पाणी धरतो. उघडा ठेवला तर खालून गंज आलाच म्हणून समजा. तेव्हा रंग द्यायचाच. गडद मरून, साधा, मेटॅलिक नाही. मेटॅलिकमध्ये हात जरा मागेपुढे झाला की पट्टे दिसतात.

मंगळवार, रात्री उशिरा

जमीन ओली केली, पुसपास केली, चिकट फडकं फिरवलं. रंग कडक करणाऱ्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाला धड वासही येत नाही आणि फुफ्फुसांना एकदा त्याची अ‍ॅलर्जी जडली की जन्माची, म्हणून बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावला. साध्या रुमालावर हे काम करणारे पाहिलेत. धाडस म्हणायचं की काय म्हणायचं कोण जाणे.

मरूनचे हात सुरेख बसले. वरच्या पारदर्शक लॅकरचा पहिलाही. गन पत्र्यापासून वीतभर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. एकदा लय लागली की मनात दुसरं काही राहत नाही. दुसरा हात संपता संपता बॉनेटच्या बरोबर मधोमध एक चिलट येऊन बसलं. पाय रोवले, पंख फडफडवले, आणि त्याच्याभोवती लॅकरचं एक बारीकसं वर्तुळ उठलं. चिमटा हातात घेऊन मी चांगला मिनिटभर उभा होतो. मग ठेवून दिला. ओल्या लॅकरला हात लावला की टिकलीएवढ्या डागाचा रुपयाएवढा होतो. कडक झाल्यावर पात्याने खरवडून काढता येईल.

रविवार

आज वॉटर पेपर. 1500, मग 2000, मग 3000, सगळं साबणाच्या पाण्यात. संत्र्याच्या सालीसारखा जो बारीक खडबडीतपणा राहतो, तो सपाट केल्याशिवाय प्रतिबिंब सरळ उमटत नाही. पाणी रबराच्या पट्टीने ओढून बघायचं: खळग्यात अजून चमक दिसली तर तेवढं घासायचं बाकी. आई डोकावली आणि हबकलीच. "अरे, चांगली लखलखत होती ना परवा? कशाला घासलीस रे?" सगळी गाडी धुरकट पांढरी पडलेली, तिला समजावणार तरी काय! "आणखी लखलखावी म्हणून," म्हटलं, तर हात झटकून निघून गेली.

यात सगळा जीव टांगणीला लागतो तो कडांवर. लॅकरचे दोन हात मिळून पन्नास-साठ मायक्रॉन, म्हणजे जेमतेम केसाएवढे, आणि धारेवरून रंग ओढला जाऊन तिथे त्याहूनही पातळ. म्हणून दारांच्या आणि बॉनेटच्या कडांवर टेप मारूनच घासलं. बफर, म्हणजे चकाकी आणायचं फिरतं चाक, चालवतानाही तेच: चाक कडेकडून बाहेर जाईल असंच धरायचं, कडेवर चढेल असं कधीच नाही. चिलटाचा देह गेला, पण एका पायाची रेघ लॅकरच्या आत खोल आहे. ती काढायला गेलो तर मरून लागेल. राहू दे.

आता जोडणी. महिनोन्‌महिने याच मडगार्डवर मी नट-बोल्टचे पाने, चहाचा कप, वाट्टेल ते ठेवत होतो. आता पट्ट्याचं बकल लागेल म्हणून पट्टा काढून काम करतो. मडगार्ड आणि बॉडीच्या मधली पट्टी न बसवता बोल्ट आवळले तर नवा रंग थरथरून तिथेच उडणार, म्हणून आधी ती. मग दारं, पण त्याला चार हात लागतात. भावाला विचारलंय, तो उद्या संध्याकाळी येतो म्हणालाय. अंगठ्या काढून ये, असं बजावून ठेवलंय.