खळ्यावरचा मुक्काम

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या पुढे आमच्या शेतात तंबू आणि कॅरॅव्हॅन लावायची जागा आहे. नोव्हेंबरात पुण्याचं एक कुटुंब ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडलेलं चाकांवरचं घर, घेऊन येणार होतं, संध्याकाळी पाचपर्यंत. पुणे ते बेळगाव साधारण ३४० किलोमीटर, पण मागे ट्रेलर असला की मोटारीचा नेहमीचा हिशेब लागू पडत नाही. चढाला वेळ जातो, वळणाला जातो, चहाला थांबायचं तरी लांब जागा बघावी लागते. आठ वाजले, नऊ वाजले. फोन लागेना. आमच्याकडे गवे रात्री रस्त्यावर येतात, आणि धुक्यात काळा गवा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. मी बॅटरी घेऊन फाट्यावर जाऊन उभा राहिलो.

अकराच्या सुमाराला दिवे दिसले. गाडीत नवरा-बायको, झोपलेली लहान मुलगी आणि मागे म्हाताऱ्या आई. त्यांची ठरलेली जागा आत, झाडांखाली. तिथं ट्रेलर मागे घेतच न्यावा लागतो. एका बाजूला जांभ्या दगडाचा गडगा, दुसऱ्या बाजूला नुकतंच कापलेलं, अजून ओलं असलेलं भाताचं शेत.

त्यांनी मागे घ्यायला सुरुवात केली. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरचं ढुंगण उजवीकडे जातं, आणि दमलेल्या माणसाला ते अंधारात सुचत नाही. तिसऱ्या खेपेला गाडी आणि ट्रेलर घडीच्या चाकूसारखे दुमडले. बॅटरी मारून बघितलं तर ट्रेलरचा कोपरा गडग्यापासून चार बोटांवर होता. मी काचेवर टकटक केली.

"दादा, थांबा. आता हलवू नका."

"काका, पाचच मिनिटं. बसेल."

त्यांचे हात थरथरत होते. मुलगी जागी होऊन रडायला लागली. मला राग आला, पण त्यांचा नव्हे. सरळ आत घालता येईल अशी एकही जागा मी उशिरा येणाऱ्यांसाठी राखली नव्हती, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं.

तेवढ्यात घरातून आप्पा आले. "खळ्यावर घे की त्यास्नी," म्हणाले.

खळं आईनं सकाळीच सारवलं होतं. दोन दिवसांनी मळणी. मी तसं म्हटलं, तर आप्पा म्हणाले, "शेण काय संपलंय व्हय? परत सारवता येतंय."

गाडी हळूहळू पुढे सरळ करून घेतली आणि एकाच दमात खळ्यावर नेली. घट्ट, सपाट जमीन. ट्रेलर गाडीपासून सोडायचा नाही, असं मी निक्षून सांगितलं. हँडब्रेक ओढला, ट्रेलरच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले, गॅसचा कॉक बंद असल्याची खात्री केली. आईनं पेज आणि लोणचं दिलं. म्हाताऱ्या आई खळ्याच्या कडेला बसून जेवल्या.

सकाळी उजेडात मी त्यांना एकच गोष्ट सांगितली. हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. ट्रेलर जिकडे न्यायचा, हात तिकडे न्या. दुसऱ्या प्रयत्नात ट्रेलर झाडाखाली गेला. एक चाक खाली बसत होतं, त्याखाली फळी सरकवली. मग दगड, मग पुढचं छोटं चाक खाली, आणि तेव्हा कुठे हुक सोडला. कोपऱ्यांचे पाय शेवटी. ते ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, वजन उचलायला नव्हे.

आता फाटकाच्या आत डाव्या हाताला एक पट्टा मी मोकळाच ठेवतो. एका बाजूनं शिरायचं, दुसऱ्या बाजूनं निघायचं, मागे घ्यायचं कामच नाही. कितीही गर्दी असली तरी तो कुणाला देत नाही.

त्या सकाळी ट्रेलर लावून परतून आलो तर खळ्यावर चाकांचे दोन पट्टे उमटले होते. पुण्याच्या आजी पदर खोचून आईशेजारी बसल्या होत्या, कोपरापर्यंत हात शेणात. त्यांचे फराटे जरा जाड पडत होते. आई काही बोलली नाही, नुसती बादली त्यांच्याकडे सरकवत राहिली.