दहा थाऊत काम होत असेल तर वीस का काढायचे

उसाचा हंगाम जवळ आला की आमच्या वर्कशॉपला जुनी इंजिनं दुरुस्तीला यायला लागतात. गुऱ्हाळावरची, विहिरीवरची, कुठं पिठाच्या गिरणीची. लाईटवरच्या मोटरी आल्या तरी ही इंजिनं लोकांनी टाकलेली नाहीत, आणि बरं केलं नाही टाकली ते. परवा एका आण्णांनी टेम्पोत घालून आणलं ते लिस्टर टाईपचं, एक सिलिंडर, दोन्ही अंगाला मोठी जड चाकं, म्हणजे फ्लायव्हील, ६५० आरपीएमला ६ हॉर्सपॉवर. बोर म्हणजे सिलिंडरचा व्यास साडेचार इंच आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव साडेपाच इंच. मूळ डिझाईन इंग्लंडातल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीचं, १९३० च्या आसपासचं, नंतर राजकोटला त्याच्या हुबेहूब नकला ढिगानं बनल्या आणि आपल्याकडच्या शेतांवर पोचल्या.

तक्रार काय, तर लोडवर घेतलं की खालून ठोका येतोय. आण्णांना आधीच कुणीतरी सांगितलेलं की क्रँक गेला, थेट ४० मारून टाका म्हणजे कटकट नको. मी म्हटलं, आण्णा आधी मोजू तर द्या.

ही ४० ची भानगड ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, त्याच्या ज्या पिनला पिस्टनचा कनेक्टिंग रॉड जोडलेला असतो ती झिजली की ग्राइंड करून पुन्हा गोल करतात आणि तेवढंच जाड बेअरिंग बसवतात. बाजारात शेल (अर्धगोल बेअरिंग) मिळतात १०, २०, ३०, ४० थाऊ अंडरसाईजचे, म्हणजे पिन तेवढी बारीक झाल्यावर बसणारे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एमएममधे बोलायचं तर पाव, अर्धा, पाऊण आणि एक एमएम. म्हणजे एका क्रँकला चार वेळा संधी आहे, त्यानंतर वेल्डिंगनं भरणं नाहीतर भंगार. आता पहिल्याच खेपेला जो ४० वर जातो तो त्या इंजिनाच्या तीन दुरुस्त्या एका दुपारी खाऊन टाकतो. आणि ते का करतात तर मोजायचा कंटाळा, ४० ला काहीही असलं तरी साफ होणारच ना.

पिन मायक्रोमीटरनं मोजताना एका जागी मोजून चालत नाही. उभी मोजायची, आडवी मोजायची, दोन्ही टोकांना आणि मधे. आण्णांची पिन आडव्यात जवळजवळ स्टँडर्ड निघाली, उभ्यात सहा थाऊ कमी. असं का होतं, तर पिस्टन वर असताना डिझेल पेटतं आणि कनेक्टिंग रॉड पिनच्या बाहेरच्या, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून लांबच्या, अंगावर दाब देतो, प्रत्येक पॉवर स्ट्रोकला तीच जागा, त्यामुळं स्लो स्पीड इंजिनाची पिन बाहेरच्या अंगानं खाल्ली जाते आणि आतलं अंग कोरं राहतं.

आता इथं खरी गंमत आहे, आणि मला या कामात सगळ्यात आवडतं ते हेच. एका अंगानं सहा थाऊ गेलेत. सेंटर आहे तिथंच ठेवून ग्राइंड केलं तर समोरच्या अंगानंही सहा काढावे लागणार, म्हणजे बारा झाले, १० ची साईझ हुकली आणि गेली २० ला. पण तोच सेंटर दीड थाऊ आत सरकवला तर बाहेरून साडेसहा निघतात, आतून साडेतीन, बेरीज दहा. पिन साफ. बदल्यात काय गेलं, तर स्ट्रोक तीन थाऊनं कमी झाला, साडेपाच इंचात तीन थाऊ! पिस्टन आणि हेडमधला गॅप बसवताना तेवढा बघून घेतला की विषय संपला. ग्राइंडरवर डायल लावून हे सेट करायला वेळ जातो हे खरं, पण पुढच्या तीन साईझ शिल्लक राहतात. उद्या आण्णांचा पोरगा किंवा नातू हेच इंजिन घेऊन दुसऱ्या कुठल्या वर्कशॉपला जाईल तेव्हा तिथल्या माणसाला काम करायला लोखंड पाहिजे ना. दुरुस्ती करणाऱ्यानं पुढच्या दुरुस्तीसाठी मटेरियल ठेवलं पाहिजे असं माझं अगदी ठाम मत आहे आणि यावर मी गिऱ्हाइकाशी पण भांडतो.

दुसरी गोष्ट कोपऱ्याची. पिन जिथं वेबला, म्हणजे क्रँकच्या बाजूच्या पाटाला, मिळते तिथं बारीक गोलाई असते, रेडियस म्हणतो आम्ही. ग्राइंडिंग व्हीलला तसाच रेडियस ड्रेस करून घ्यावा लागतो, नाहीतर कोपरा काटकोनात कापला जातो. दिसायला तो जास्त चकाचक दिसतो, गिऱ्हाईक खूश, पण सगळा ताण त्या रेषेवर येतो आणि तिथूनच बारीक क्रॅक सुरू होतो आणि एक दिवस चालू इंजिनात क्रँक तुटतो. एवढ्या जड फ्लायव्हीलचं इंजिन आणि क्रँक तुटला तर काय होईल विचार करा. मागं एक क्रँक आला होता असाच, आधी कुठंतरी ग्राइंड झालेला, कोपरा अगदी धारदार. मापं सगळी बरोबर होती त्याची. घासून स्वच्छ केला, कोपऱ्यात केरोसीन लावलं, पुसून कोरडा केला आणि वर खडूची पूड फासली, थोड्या वेळानं पांढऱ्यात केसासारखी काळी रेष उमटली. तो क्रँक भंगारात घालायला सांगितला, दुसरा इलाज नव्हता. असल्या वेळी फार राग येतो मला, कारण चांगलं फोर्जिंग होतं ते आणि माणसाच्या घाईनं गेलं.

बरं, आण्णांच्या इंजिनाचा ठोका आला कशामुळं हे बघितल्याशिवाय नुसतं ग्राइंड करून देण्यात अर्थ नाही. या इंजिनाला बिग एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या, कॅपखाली एक डिपर असतो, छोटासा चमचा म्हणा, तो तेलात बुडतो आणि तेल उडवतो, त्यावरच खालचं बेअरिंग जगतं. आण्णांचा डिपर अर्धा तुटलेला होता. तुकडा तळाला गाळात सापडला. म्हणजे बेअरिंगला तेल पोचतच नव्हतं नीट. नवीन शेल टाकून तसंच दिलं असतं तर याच हंगामात परत आलं असतं.

शेल बसवताना मार्किंग ब्लू लावून बघायचं, पिनवर पातळ थर, कॅप आवळून हातानं फिरवायचं, काढून बघायचं निळं कुठं लागलंय, तिथं स्क्रेपरनं हलका हात. क्लिअरन्स, म्हणजे पिन आणि शेलमधली फट, ढोबळमानानं पिनच्या व्यासाच्या इंचाला एक थाऊ धरतो आम्ही. हे काम सावकाशच होतं, रेडिओ लावून बसायचं.

प्रत्येक ठिकाणी जुनंच वाचवा असं मात्र मी म्हणत नाही हां. किर्लोस्कर एव्ही-१ सारखं इंजिन असेल, ८० एमएम बोर, ११० स्ट्रोक, १५०० आरपीएमचं, तर त्याचं लायनर (सिलिंडरमधली बदलता येणारी नळी) आणि पिस्टनचं किट गावोगाव मिळतं. वरच्या रिंगच्या जागी नखाला पायरी लागली, बोअर गेजनं झीज जास्त दिसली की सरळ नवीन लायनर टाका, त्यात जीव घालवू नका. जीव घालवायचा तो ज्याचा पार्ट मिळत नाही त्याच्यावर. साताऱ्याच्या कूपरची जुनी इंजिनं कधीकधी येतात, (ते धनजीशहा कूपर म्हणजे १९३७ साली मुंबई प्रांताचे काही महिने पंतप्रधान होते, हे किती जणांना माहीत आहे), त्यातला बिडाचा एखादा ब्रॅकेट तुटला तर दुकानात कुठं मागणार. मग क्रॅकच्या दोन्ही टोकांना भोक पाडून तो थांबवायचा, खाच काढायची, अख्खा पार्ट भट्टीवर तापवायचा, निकेलच्या रॉडनं इंच इंच वेल्ड, प्रत्येक तुकड्यावर लगेच हातोडीनं हलकं ठोकायचं, आणि झाल्यावर चुन्याच्या पुडीत पुरून रात्रभर ठेवायचं. बीड घाईनं गार केलं की शेजारूनच तडकतं.

आट्यांचं पण तसंच. या जुन्या इंजिनांना व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची मापाचे, आटे असतात, कोन ५५ अंशाचा, मेट्रिकचा ६०. अर्धा इंची भोकात बारा एमएमचा बोल्ट टेफ्लॉन गुंडाळून घातलेला मी बघितलाय, कृपा करून असं करू नका. अर्ध्या इंचाला १२ आट्यांचा बोल्ट कुठलाही टर्नर लेथवर काढून देईल, इंची लीडस्क्रूचं (आटे पाडताना हत्यार सरकवणारा लांब स्क्रू) लेथ असलं की उलट सोपंच जातं. (त्याच लेथवर मेट्रिक आटे अचूक काढायचे तर १२७ दातांचं गिअर लागतं, कारण पाच इंच म्हणजे बरोबर १२७ एमएम.)

इंजिन आणणाऱ्यांना एक विनंती. धुऊन, पुसून, तेल ओतून टाकून आणू नका. सम्पमधलं (तळाच्या टाकीतलं) तेल आहे तसं राहू दे, त्यातला गाळ बघून अर्धं निदान होतं, पिवळसर चुरा म्हणजे गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश झिजलाय, चंदेरी पापुद्रे म्हणजे बेअरिंगचं मऊ व्हाईट मेटल. तुटलेला तुकडा कितीही बारीक असला तरी डब्यात घालून आणा. आणि काम झाल्यावर क्रँक कुठल्या साईझला आहे ते विचारून घ्या, मी वेबवर पंच करून देतोच, पण घरी पण लिहून ठेवा. आण्णांच्या इंजिनावर १० पंच केलंय, पुढच्या सोमवारी ते न्यायला येणार आहेत.