दुसरा गिअर आणि पंधराचा वेग: छोट्या एसयूव्हींची पुढची नोंद

जुळलं एकदाचं! घरासाठी छोटी एसयूव्ही निवडताना मागच्या नोंदीत जिथे अडकले होते, तिथूनच पुढे. ‘क’ गाडी (एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो, सहा गिअर मॅन्युअल) चढावरच्या वळणातून निघताना दुसऱ्यात दम टाकते. कागदावर तिच्यापेक्षा अशक्त असलेली ‘ख’ (दीड लिटर, चार सिलिंडर, बिनटर्बो, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक) तेच वळण गप्पा मारत चढते. असं का, ते आता आकड्यांत सापडलं आहे. गाड्यांची नावं याही वेळी लिहीत नाही. टेस्ट ड्राइव्हला मिळालेल्या एकेका गाडीवरून अख्ख्या मॉडेलला नावं ठेवणं मला पटत नाही.

ब्रोशर बघा तर ‘क’चा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) १७० न्यूटन-मीटरच्या आसपास, तोही १५०० आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे) सपाट रेघेसारखा. ‘ख’चा १३५ च्या आसपास आणि शिखर थेट ४००० च्या पुढे. सेल्समनने तेवढ्यावरच निकाल लावला होता, ‘मॅडम, टर्बोच घ्या, चढाला प्रश्नच नाही.’ प्रश्न तर तिथेच आहे.

खरी गोची ही की गिअर रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे, ते कुणी छापत नाही. सनरूफचं क्षेत्रफळ सांगतील, दिव्यांचे रंग सांगतील, पण दुसऱ्या गिअरचा आणि फायनल ड्राइव्हचा (गिअरबॉक्स आणि चाकं यांच्यामधल्या शेवटच्या गिअरचा) आकडा विचारला की समोरचा माणूस चहा विचारतो. मग रेशो आपणच काढायचे. गिअर पकडून एकाच वेगाने सरळ रस्त्यावर चालवायचं, शेजारच्याने आरपीएमच्या काट्याचा व्हिडिओ घ्यायचा आणि वेग फोनच्या जीपीएसवरून टिपायचा. स्पीडोमीटर यासाठी कुचकामी. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ३९ प्रमाणे तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवूच शकत नाही. जास्त मात्र दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतका दाखवू शकतो. म्हणजे खऱ्या २७ ला काटा ३३ वर असला तरी नियमात बसतं, आणि आपल्या गणिताचा बट्ट्याबोळ होतो. ओबीडीला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) लावायचे स्वस्त डोंगल मी बाजूला ठेवले आहेत. त्यांतल्या एल्म ३२७ चिपच्या नकला एकामागून एक आकडे इतक्या सावकाश आणतात की वेग आणि आरपीएम एकाच क्षणाचे नसतातच. शिवाय शोरूमच्या गाडीत काही खुपसलं की सगळे कावरेबावरे होतात.

टायर २१५/६० आर१६. कागदावर परीघ २.०९ मीटर येतो, पण वजनाखाली टायर थोडा दबतो, म्हणून मी २.०३ धरते. ‘क’ दुसऱ्यात २००० आरपीएमला खरे २७ किलोमीटर धावते, म्हणजे इंजिनापासून चाकापर्यंतचा एकूण रेशो ९ च्या आसपास. पहिल्यात त्याच २००० ला १५ किलोमीटर, म्हणजे १६.२.

आता चढ. फोनच्या लेव्हलवर साडेआठ अंश, म्हणजे १५ टक्के. गाडी, चार माणसं आणि सामान मिळून १५५० किलो धरलं तर गुरुत्वाकर्षणाला आणि टायरांच्या घर्षणाला तोंड द्यायला २४०० न्यूटनच्या थोडं वर जोर लागतो. चाकापाशी तो ७८५ न्यूटन-मीटर. हे फक्त वेग टिकवायला. वेग वाढवायचा असेल तर वेगळे मोजा. नऊने भागा, गिअरबॉक्समधली गळती मिळवा, की दुसऱ्यात इंजिनाने ९५ न्यूटन-मीटर द्यायलाच हवेत. पहिल्यात मात्र ५३ पुरतात.

वळणातून निघताना वेग असतो पंधराचा. दुसऱ्यात पंधराला ‘क’चं इंजिन फिरतं ११०० वर, आणि तिथे टर्बो झोपलेला असतो: इंजिनाच्या धुरावर फिरून जास्त हवा कोंबणारा हा पंखा तेवढ्या धुरावर पुरेसा फिरत नाही. टर्बो झोपला की उरतं साधं एक लिटरचं इंजिन. बिनटर्बो पेट्रोल इंजिन लिटरमागे ९० ते १०० न्यूटन-मीटर देतं, तेही त्याच्या शिखराला. ११०० वर त्याहून कमीच. लागतात ९५. संपला विषय! ती १५०० ची सपाट रेघ दुसऱ्यात वीसच्या वेगाला सुरू होते, म्हणजे सगळं भांडण या पाच किलोमीटरांचं आहे. त्यातही ती रेघ काढलेली असते इंजिन एका आरपीएमला स्थिर धरून, टर्बोला पूर्ण दाब भरायला वेळ देऊन. वळणातून निघताना तेवढा वेळ देतो कोण? त्यामुळे १५०० ला पोहोचलात तरी १७० लगेच हातात येत नाहीत.

हे पान मी किती वेळा खोडलं ते सांगत नाही, पण ९५ आणि ९० शेजारी शेजारी उमटले तेव्हा टाळी वाजवली.

यावर ‘पाय दाबून धर, निघते गाडी’ हा सल्ला मला नकोच आहे. तीन सिलिंडरचं इंजिन ११०० वर एका फेऱ्यात दीडच ठोके देतं. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की अख्खी गाडी थरथरते, ठोकायला लागते. त्याहून वाईट म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनांत कमी आरपीएम आणि जास्त भार ही जोडी अवेळी पेट घेण्याला आमंत्रण देते. इंजिन तेलाच्या मानकांत २०१८ चं एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस आणि २०२० चं एसपी आलं, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. तेल बरोबर घाला, पण चुकीच्या गिअरमध्ये इंजिन रेटू नका.

मग पहिला टाका. पंधराला पहिल्यात २००० आरपीएम, म्हणजे टर्बो जागा, आणि लागतात फक्त ५३. पहिला फक्त गाडी हलवण्यापुरता, ही आपली सवय आहे. ‘क’चा पहिला ६००० वर ताशी ४५ पर्यंत जातो. अडचण इतकीच की चालत्या गाडीत दुसऱ्यातून पहिल्यात उतरताना सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणारा भाग) कुरकुरतो. क्लच दाबून न्यूट्रल केलं, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला एक हलकी थाप दिली, आरपीएम जुळवले आणि पुन्हा क्लच दाबला, की पहिला लोण्यासारखा पडतो. मला हे जमतं, आवडतंही. घरात गाडी चालवणाऱ्या इतर दोघांना जमवायचं नाही आहे, आणि गाडी त्यांचीही आहे.

‘ख’चं गुपित टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आहे, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पुढे देणाऱ्या भागात. पंधराला लॉक-अप (दोन्ही बाजू थेट जोडणारा क्लच) उघडा असतो, इंजिन गिअरबॉक्सच्या पुढे पळून १९०० वर जातं आणि कन्व्हर्टर मधल्या फरकातून टॉर्क वाढवून देतो. गाडी उभी असताना हा गुणाकार दोनच्या आसपास, दोन्ही बाजूंचे वेग जुळत आले की एकवर. वाया जाणारी शक्ती तेलात उष्णता होऊन जाते, पेट्रोलही जास्त पितं. पण ज्या जागी ‘क’ अडते नेमकी तिथेच ही मदत मिळते. म्हणजे ‘ख’ सशक्त नाही, तिच्यात मधला माणूस चांगला आहे.

बाकीचे गिअरबॉक्स थोडक्यात. ‘ग’ या आणखी एका टर्बो गाडीच्या सीव्हीटीने (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) चढाला इंजिन टर्बोच्या दाबातच धरून ठेवलं, काम चोख, आवाज मात्र रडका. सीव्हीटीच्या पट्ट्याला टॉर्कची मर्यादा असते हे ब्रोशरमध्येही दिसतं. निसान मॅग्नाइटच्या एक लिटर टर्बोला मॅन्युअलसोबत १६० न्यूटन-मीटर आहेत, सीव्हीटीसोबत १५२. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल, क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात फक्त यंत्राचा. चढावर थांबत थांबत जाण्याला मी ती घेणार नाही. ड्युअल क्लचबद्दल (दोन क्लच आलटूनपालटून वापरणारा ऑटोमॅटिक) भांडणं फार होतात, पण कोरडा की ओला हे आधी विचारा. फोक्सवॅगनचा सात गिअरचा डीक्यू२०० कोरड्या क्लचचा, २५० न्यूटन-मीटरपर्यंतचा. सहा गिअरचा डीक्यू२५० तेलात बुडालेल्या क्लचचा, ३५० पर्यंतचा. चढावरच्या कोंडीत कोरडा क्लच सरकत राहिला तर तापतो आणि ती उष्णता न्यायला तेल नसतं. असा गिअरबॉक्स असेल तर पुढच्या गाडीमागे इंचाइंचाने सरकू नका. ब्रेकवर थांबा, जागा झाली की एकदम सुटा. डिझेलला हा प्रश्न तितका पडत नाही, पण आमच्या छोट्या फेऱ्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वच्छ व्हायला वेळ मिळणार नाही, म्हणून तो रकाना बंद.

इथवर लिहिलं तेव्हा बेत ठरलेला होता: ‘ख’ घ्यायची. मग डोक्यात आलं, टर्बो आणि कन्व्हर्टर एकत्र का नको? झोपलेल्या टर्बोची कमतरता कन्व्हर्टर भरून काढेल, आणि वर चढताना विरळ हवेचा फटका टर्बोला कमी बसेल. बिनटर्बो इंजिन हजार मीटरमागे साधारण दहा टक्के शक्ती गमावतं. म्हणजे आता यादीत स्कोडा कायलाक (१.० टीएसआय, १७८ न्यूटन-मीटर), मारुती सुझुकी फ्रॉन्क्स (१.० बूस्टरजेट, १४७.६) आणि महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ (१.२ टर्बो, २०० किंवा २३०). तिन्ही सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरसह मिळतात. ‘ख’ बाद नाही, थांबली आहे.

आणि हो, एसी! आतापर्यंतच्या सगळ्या चाचण्या खिडक्या उघड्या ठेवून झाल्या. कॉम्प्रेसरने दोन किलोवॅट घेतले असं धरलं तर ११०० आरपीएमला ते १७ न्यूटन-मीटर होतात. जिथे पाच-सातची मारामारी चालू आहे तिथे सतरा! पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बरीच इंजिनं कॉम्प्रेसर तात्पुरता सोडतात, पण अर्ध्यावर नाही, आणि वळणात आपण अर्ध्यावरच असतो. त्यामुळे ‘क’ आणि ‘ख’ दोघींची चाचणी पुन्हा, एसी पूर्ण चालू ठेवून.

नव्या तिघींसाठी तक्त्यात पहिला रकाना ‘दुसऱ्यात पंधराला आरपीएम’ हाच असेल, अश्वशक्ती सगळ्यात शेवटी. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा दाबून धरला तर गाडी तो पकडते की आपणहून पहिल्यात उतरते, आणि उतरत असेल तर किती आरपीएमला, एवढं आधी बघायचं आहे. मागे तीन माणसं बसवूनच. सेल्समन सोबत येणार असेल तर माणसं दोनच लागतील.